पाण्याचा स्वभाव

गाय पाळणारा मनुष्य गाईसाठी गोठा बांधतो, तिला चारा घालतो, तिच्या अंगावरून मायेने हात फिरवतो. पण तिने श्वासावाटे घ्यावयाची हवा काही तो तयार करीत नाही. ती हवा गाईला आणि गोपालकाला सारखीच मिळालेली असते. कबुतरे पाळणाऱ्याची किंवा कुत्रा पाळणाऱ्याची गोष्टही याहून निराळी नाही. मासे पाळणाऱ्याचे काम मात्र वेगळे आहे. ज्यात मासा पोहतो, ज्यातून तो श्वास घेतो, ज्यात त्याचे अन्न पडते आणि ज्यात त्याचे मलमूत्रही मिसळते, ते पाणी एकच. त्या पाण्याची निवड, राखण आणि शुद्धी यांचा सारा भार पाळणाऱ्यावर पडतो. मासा घरी आणणे म्हणजे एका प्राण्याचे संपूर्ण जग काचेच्या चार भिंतींत उभे करणे होय.

हे काम किती नाजूक आहे, ते डिस्कस नावाच्या माशाकडून चांगले शिकता येते. हा मासा दोन्ही बाजूंनी चपटा आणि आकाराने गोल असतो. थाळीफेकीच्या खेळातील थाळी उभी धरावी, तसा तो दिसतो. त्याचे नावही त्या थाळीवरूनच पडले आहे. पूर्ण वाढलेला मासा पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीचा भरतो. तपकिरी किंवा पिवळसर अंगावर निळ्या नागमोडी रेघा, तांबूस डोळे आणि संथ, डौलदार चाल यांमुळे तो पाहणाऱ्याचे मन तत्काळ वेधून घेतो. योहान नाटरर हा ऑस्ट्रियन संशोधक १८१७ ते १८३५ पर्यंत ब्राझील देशात प्राण्यांचे नमुने गोळा करीत हिंडत होता. त्याने जमवलेल्या माशांवरून व्हिएन्ना येथील योहान याकोब हेकेल या मत्स्यशास्त्रज्ञाने १८४० साली या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले.

डिस्कसचे माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे. हेकेलने वर्णन केलेली जात विशेषतः रिओ नेग्रो या उपनदीत आढळते. रिओ नेग्रो या शब्दांचा अर्थच मुळी ‘काळी नदी’ असा आहे. या नदीचे पाणी गढूळ नसते; ते स्वच्छच असते, पण त्याचा रंग दूध न घातलेल्या चहासारखा असतो. या रंगाचे कारण किनाऱ्यावरील अरण्यात आहे. तेथील जमीन बरीचशी वाळूची असून तिच्यातील क्षार पावसाने केव्हाच धुऊन गेले आहेत. अरण्यातील पाने, फांद्या व साली या जमिनीवर पडून कुजतात. त्यांतील रंग आणि आम्ले पाण्यात उतरतात. पावसाळ्यात नदी सुमारे दहा मीटर चढते आणि अरण्यात शिरते. मग झाडांच्या बुंध्यांमधून आणि बुडालेल्या फांद्यांमधून डिस्कसचे थवे संचार करतात. मनाऊस शहराजवळ ही काळी नदी ॲमेझॉनच्या मातकट प्रवाहाला मिळते. दोन्ही प्रवाहांचा वेग, तापमान आणि घनता भिन्न असल्यामुळे ते कित्येक किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहत राहतात. एकाच खोऱ्यातील दोन पाण्यांचे स्वभाव किती निराळे असू शकतात, याचे हे उघड्या डोळ्यांना दिसणारे उदाहरण आहे.

पाण्याच्या स्वभावातील एक महत्त्वाचा गुण म्हणजे त्याचा आम्लपणा. आम्ल पदार्थ कोणते, हे स्वयंपाकघर मुलांना आधीच शिकवून ठेवते. चिंच, लिंबू आणि आमसूल हे आम्ल होत. पानात घालावयाचा चुना याच्या अगदी उलट गुणाचा, म्हणजे अल्कधर्मी होय. पिवळ्या हळदीत चुना मिसळला की ती लालभडक होते, हे तर कुंकू तयार करणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. हा रंगबदल पदार्थाचा गुण सांगतो, परंतु त्याचे नेमके माप सांगत नाही. ते माप सोरेन सोरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असता १९०९ साली सुचवले. त्याला पी-एच म्हणतात. मराठीत त्यास सामू असे नाव आहे. शुद्ध, उदासीन पाण्याचा सामू सात धरतात. सातापेक्षा आकडा जितका कमी, तितके पाणी अधिक आम्ल. जितका जास्त, तितके ते अधिक अल्कधर्मी.

या मापात एक खुबी आहे. ती ध्यानात न आल्यामुळे पुष्कळांची फसगत होते. सामूची एक पायरी उतरली की आम्लपणा दहापट वाढतो. दोन पायऱ्या उतरल्या की शंभरपट आणि तीन उतरल्या की हजारपट. रिओ नेग्रोच्या पाण्याचा सामू चार ते पाच यांच्या दरम्यान असतो. ज्याचा सामू आठ आहे, अशा विहिरीच्या पाण्याशी तुलना केली, तर पाच सामूचे पाणी त्याहून हजारपट आम्ल ठरते. आठ आणि पाच हे आकडे कागदावर जवळजवळ दिसतात. माशाच्या दृष्टीने मात्र त्यांत हजारपटीचे अंतर आहे.

माशाला हे अंतर जाणवते ते प्रथम कल्ल्यांत. माशाचे कल्ले श्वास घेण्याच्या कामी येतात, त्याचप्रमाणे रक्तातील क्षारांचा तोल सांभाळण्याचे कामही त्यांच्याकडेच असते. गोड्या पाण्यात माशाच्या रक्तापेक्षा क्षार फार थोडे असतात. म्हणून अंगातील क्षार पाण्यात निसटू न देणे, आणि जे निसटतात ते पुन्हा ओढून घेणे, हा उद्योग कल्ले अहोरात्र करीत असतात. फार आम्ल पाण्यात पुष्कळ जातींच्या माशांचे क्षार भराभर निघून जातात व ते दगावतात. काळ्या नदीतील माशांचे कल्ले मात्र युगानुयुगे त्या पाण्याला सरावलेले आहेत. तथापि सरावलेला मासादेखील एका तासात एका पाण्यातून अगदी भिन्न पाण्यात गेला, तर त्याच्या कल्ल्यांना नवा तोल साधण्यास अवधी मिळत नाही. ज्या पाण्यात तो आठवडाभरात सुखाने रुळला असता, तेच पाणी अकस्मात अंगावर आले म्हणजे त्याला घातक होते.

आता एखाद्या हौशी गृहस्थाची कल्पना करावी. तो दख्खनच्या पठारावरील एखाद्या गावी राहतो. त्याच्या घरी कूपनलिकेचे पाणी येते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेते आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून वाहताना त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये विरघळवून बरोबर आणते. म्हणून असे पाणी बहुधा जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरे कीट धरते. मुंबईसारख्या शहरात पावसाने भरणाऱ्या तलावांचे पाणी येते. ते पुष्कळच हलके असते. यास्तव एका गावच्या मत्स्यप्रेमीने दिलेला सल्ला दुसऱ्या गावी जसाच्या तसा लागू पडेलच, असे नाही.

या गृहस्थाने डिस्कस मासे आणले आणि त्यांना आम्ल पाणी मानवते एवढेच ऐकले. त्याने टाकीतील पाण्याचा सामू मोजला. तो आठ भरला. मग त्याने बाजारातून सामू उतरवण्याचे द्रव आणले आणि थोडे टाकीत ओतले. सामू साडेसहावर आला व त्याला समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो सामू पुन्हा आठाच्या जवळ! त्याने पुन्हा द्रव ओतले. सामू पुन्हा उतरला आणि पुन्हा चढला. चार दिवस हा झोका चालला. पाचव्या दिवशी मासे काळवंडून, पर मिटून एका कोपऱ्यात उभे राहिले.

हे असे का घडले? याचे उत्तर खाण्याच्या सोड्यात सापडते. सोड्यावर लिंबू पिळले की फसफसून बुडबुडे येतात. सोड्यातील बायकार्बोनेट आम्लाला गिळून टाकते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. जड पाण्यात असेच बायकार्बोनेट विरघळलेले असते. टाकीत ओतलेले आम्ल ते खाऊन टाकते. निर्माण झालेला वायू पाण्यात असेतोवर सामू उतरलेला दिसतो. रात्रीतून तो वायू हवेत निघून गेला, की उरलेले बायकार्बोनेट सामू पुन्हा वर नेते. पाण्यात हा साठा शिल्लक आहे तोवर वरून आम्ल ओतणे म्हणजे भरलेले कोठार मुठीमुठीने रिकामे करू पाहण्यासारखे आहे. त्यात पाणी बदलत नाही. मासे मात्र रोज नव्या पाण्यात ढकलले जातात.

मग हे बायकार्बोनेट पाण्यातून अजिबात काढून टाकावे काय? तसेही करून चालत नाही. कारण हा साठा पाण्याचा राखणदारही आहे. माशाच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. टाकीतील वाळूवर व गाळणीत राहणारे सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळ सौम्य होय. हे मोलाचे काम होत असता आम्लही निर्माण होते आणि ते बायकार्बोनेट हळूहळू खर्च करून टाकते. साठा पुरेसा असेल तर सामू आठवडेच्या आठवडे हलत नाही. साठा संपला, की जमाखर्चात शिल्लक नसलेल्या घरासारखी त्या पाण्याची अवस्था होते. जरासे आम्ल वाढताच सामू एकदम कोसळतो.

आणि येथे खरा धोका दबा धरून बसलेला असतो. सामू सहाच्या खाली गेला की ते उपयोगी जीवाणू मंदावतात. अमोनिया साठू लागतो; पण मासे लगेच मरत नाहीत, कारण आम्ल पाण्यात अमोनियाचे रूप पालटलेले असते. त्याचा बहुतेक भाग अमोनियम या फारशा न बाधणाऱ्या रूपात राहतो. अठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सामू सहा असेल, तर दर १०,००० भागांपैकी केवळ ७ भाग विषारी अमोनियाचे असतात. सामू सात झाला की ते ७० होतात आणि आठ झाला की सुमारे ६५० होतात. पाण्यात नवे विष कोणीही घातलेले नसते. जे निद्रिस्त होते तेच जागे होते.

वरील गृहस्थाप्रमाणेच दुसरा एखादा पाळणारा कित्येक महिने पाणी बदलण्याचा आळस करतो, असे समजावे. एके दिवशी त्याला मासे मलूल दिसतात. त्याच्या मनात कळवळा दाटून येतो आणि तो तडकाफडकी निम्मे पाणी काढून त्या जागी कूपनलिकेचे ताजे पाणी भरतो. स्वच्छ पाणी म्हणजे माशांना सुख, असा त्याचा सरळ विचार. निम्मे पाणी गेल्यामुळे अमोनियाचा साठा निम्मा होतो, हे खरे. परंतु सामू सहावरून साडेसातावर गेला, तर उरलेल्या निम्म्यातील विषारी भाग पूर्वीच्या सबंध टाकीतील विषाच्या सुमारे पंधरापट भरतो. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. आळसाने जे आजारी पडले होते, ते घाईच्या दयेने मृत्यूच्या दारी जातात. अशी दया करण्यापूर्वी एक वेळ पाणी मोजले असते, आणि थोडे थोडे पाणी दररोज बदलले असते, तर तेच मासे वाचण्याचा पुष्कळ संभव होता.

जाणते मत्स्यपालक म्हणून पाण्याची तयारी टाकीच्या बाहेर करतात. ते एका वेगळ्या पिंपात जड पाणी आणि क्षार काढलेले पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळतात. क्षार काढलेले पाणी हल्ली आर. ओ. यंत्रातून मिळते; काही जण पहिले पाऊस सोडून नंतरचे स्वच्छ पावसाचे पाणीही साठवतात. या मिश्रणात बायकार्बोनेटचा साठा कमी होतो, पण अगदी संपत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी घालवावे लागते, कारण जंतूंना मारणारे ते द्रव्य माशांच्या कल्ल्यांनाही इजा करते. पिंपातील पाण्यात एक दिवस हवा खेळवतात, ते टाकीतील पाण्याइतके उबदार करतात आणि मगच त्याचा सामू मोजतात. ताज्या पाण्यात विरघळलेल्या वायूमुळे आरंभीचा आकडा फसवा असतो. नंतर टाकीतील दहावा किंवा पाचवा हिस्सा पाणी काढून हे तयार पाणी सावकाश घालतात. जोरकस आम्लांना हात लावण्याची यात गरजच पडत नाही, आणि मुलांनी तर ती कधीच हाताळू नयेत.

अशा हलक्या केलेल्या पाण्यात कित्येक जण देशी बदामाची वाळलेली पाने टाकतात. कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर या झाडाची रुंद, तांबूस पाने उन्हाळ्याच्या आधी ढिगांनी गळतात. ती धुऊन पाण्यात टाकली म्हणजे एकदोन दिवसांत पाण्याला चहाचा रंग चढतो आणि सौम्य आम्लही उतरते. काळ्या नदीच्या किनाऱ्यावर जे अरण्य करते, तेच थोड्या प्रमाणात येथे घडते. मात्र जड पाण्यात ही पाने केवळ रंग देतात. सामू फारसा हलवू शकत नाहीत. आधी पाणी हलके करावे आणि मग पाने टाकावीत, हा क्रम त्यासाठीच आहे.

डिस्कसचे पाणी किती सामूचे असावे, असा प्रश्न नवशिक्याच्या मनात हटकून येतो. जर्मनीतील एदुआर्द श्मिट-फोके, अमेरिकेतील जॅक वॉटली यांसारख्या निष्णात मत्स्यपालकांनी विसाव्या शतकात या माशांच्या अनेक पिढ्या टाक्यांतच वाढवल्या. आज बाजारात मिळणारे बहुतेक रंगीबेरंगी डिस्कस अशाच टाकीत जन्मलेल्या माशांचे वंशज आहेत. त्यांनी काळी नदी कधी पाहिलेली नाही. सहा ते साडेसात या मर्यादेतील कोणत्याही सामूचे पाणी त्यांना मानवते. अट एवढीच, की ते पाणी आज एक आणि उद्या दुसरे असे होऊ नये. साडेसहाच्या आकड्यासाठी रोज झोके खाणाऱ्या पाण्यापेक्षा सव्वासातावर स्थिर राहिलेले पाणी माशांना अधिक सुखाचे होते.

अंडी घालण्याच्या काळात मात्र हलक्या आणि किंचित आम्ल पाण्याचे महत्त्व वाढते. जड पाण्यात पुष्कळदा अंडी फळत नाहीत. हे पाणी जमले, तर पाळणाऱ्याला एक अपूर्व दृश्य पाहावयास मिळते. नर आणि मादी मिळून एखादे उभे पान किंवा लाकूड स्वच्छ करतात, त्यावर अंडी घालतात आणि परांनी वारा घालीत त्यांची राखण करतात. पिले पोहू लागली की ती आईबापांच्या अंगाला जाऊन बिलगतात. डिस्कसच्या कातडीवर या काळात एक चिकट, पौष्टिक स्राव पाझरतो आणि तोच पिलांचा पहिला आहार होय. आई थकली म्हणजे ती अंग झटकते आणि पिलांचा सारा घोळका बापाच्या अंगावर जातो. मातेच्या दुधावर वाढणाऱ्या प्राण्यांची आठवण करून देणारे हे पालनपोषण माशांच्या राज्यात विरळाच आढळते. काचेच्या पेटीत हे दृश्य घडावे, याहून त्या पेटीतील पाण्याला दुसरे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

डिस्कस हा नवशिक्याने आरंभीच पाळण्याचा मासा नव्हे. त्याला अठ्ठावीस ते तीस अंश सेल्सिअसचे उबदार पाणी लागते, मोठी टाकी लागते आणि पाचसहा सोबती लागतात. परंतु लहानशा टाकीत साधे मासे पाळणाऱ्या मुलालाही त्याच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. एक वही करावी. तिच्यात दर आठवड्याला तारीख, पाण्याचे तापमान, सामू आणि किती पाणी बदलले, हे लिहीत जावे. महिन्याभरात त्या वहीतून पाण्याचा स्वभाव उलगडू लागतो. सामू हळूहळू उतरू लागल्याचे आकड्यांत आधी दिसते, आणि माशांच्या अंगावर त्याची खूण पुष्कळ नंतर उमटते. मासा बोलत नाही, ओरडत नाही. त्याला काय होते ते सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. ज्याने त्याला नदीपासून तोडून आपल्या घरी आणले, त्यानेच त्याच्या वतीने पाण्याची विचारपूस केली पाहिजे. आणि काही बदल करावयाचा झाल्यास तो माशाच्या सवडीने केला पाहिजे.